आयसीयूत आप्पा तिकिटं फाडतात, मी काय करू?

पत्र

ताई, माझे वडील ७३ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोतून रिटायर झाले. न्यूमोनिया झाला, जंतू रक्तात पसरले, म्हणून त्यांना पुण्याला एका खासगी हॉस्पिटलात हलवलं. सहा दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी निघाली तेव्हा आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण दुसऱ्या दिवसापासून आप्पा आप्पा राहिले नाहीत. संध्याकाळ झाली की उठून बसू बघतात, हवेतल्या हवेत तिकिटं फाडतात, 'सुट्टे द्या, सुट्टे द्या' म्हणतात. छताकडे बघून माझ्या वारलेल्या काकांशी बोलतात. सिस्टर सलाइनमधून विष घालतात असं त्यांना वाटतं. नाकातली नळी दोनदा उपसली म्हणून आता हात बांधून ठेवलेत. परवा मला म्हणाले, 'तू मला इथं विकून गेलीस.' मी बाहेर येऊन जिन्यात रडले. सकाळी मात्र कधी कधी अगदी नीट बोलतात, नातवाची परीक्षा कशी गेली ते विचारतात.

भेटायला सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, तोही एकाच माणसाला. भाऊ म्हणतो, आपल्याला बघून ते जास्त चवताळतात, तू जाऊच नकोस, डॉक्टरांना सांगून झोपेचं इंजेक्शन देऊ. आत्या म्हणते, काका न्यायला आलेत, आता आशा सोडा. तिने गावाकडून अंगारा आणि तीर्थ पाठवलंय. आप्पांना वेड लागलं का? त्यांचं बोलणं खोडून काढू की होला हो म्हणू? त्या अर्ध्या तासात मी नेमकं काय करू?

कराडची एक लेक

उत्तर

ताई,

आप्पांना वेड लागलेलं नाही. एवढं आधी वाचून घ्या, बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही जे लिहिलंय त्याला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. तापात बरळणाऱ्या माणसाला जुन्या बायका 'वात झालाय' म्हणायच्या, ते हेच. आयसीयूत कुणी 'आयसीयू सायकोसिस' असंही म्हणेल. तो शब्द कानावर पडला तर दचकू नका. मी आप्पांना पाहिलेलं नाही, निदान त्यांच्या डॉक्टरांनीच करायचं. पण माझी सारी नोकरी आयसीयूत सिस्टर म्हणून गेली, आणि सकाळी शुद्धीत, संध्याकाळी भलतंच, तेही दोन दिवसांत अचानक सुरू झालेलं, असा चढउतार ऐकला की माझ्या डोक्यात पहिलं नाव हेच येतं. म्हातारपणाचा विसरभोळेपणा असा रातोरात येत नाही.

जंतुसंसर्ग रक्तात पसरला की मूत्रपिंडं मंदावतात, रक्तदाब पडतो. हे घरच्यांना लगेच पटतं, कारण आकडे समोर दिसतात. मेंदूही त्याच अंगात असतो, तोही त्याच दुखण्याने कोलमडतो. त्यात व्हेंटिलेटरवर असताना दिलेल्या गुंगीच्या औषधांची भर पडते. कमी पडलेला ऑक्सिजन, रक्तातल्या सोडियमची गडबड, न सांगता आलेलं दुखणं, तुंबलेली लघवी, आठवडाभर न झालेली शी, रात्रभर चालू असलेले दिवे आणि सततची टिंगटिंग, सगळं त्याच खात्यात जमा होतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१३ साली एक अभ्यास छापला. श्वास किंवा रक्तदाब कोलमडून आयसीयूत आलेले ८२१ रुग्ण त्यात होते आणि त्यांच्यातल्या ७४ टक्क्यांना हॉस्पिटलात असताना डेलिरियम झाला. तेव्हा हे तुमच्याच नशिबी आलं असं समजू नका. शेजारच्या खाटेवर एखादे आजोबा दिवसभर छताकडे बघत गप्प पडून असतील, तर त्यांनाही हाच त्रास असू शकतो. हा गप्प प्रकार फार वेळा नजरेतून सुटतो, कारण जो नळ्या ओढत नाही त्याच्याकडे कुणी धावत नाही. उद्या आप्पा एकदम शांत झाले आणि विचारलेलंही त्यांना उमगेनासं झालं, तर 'बरं झालं, निवळले' असं धरून चालू नका. सिस्टरना सांगा.

'विकून गेलीस' हे वाक्य तुम्ही मनाला लावून घेतलंय. ते आप्पांचं तुमच्याविषयीचं मत नव्हे. आपण कुठल्या गावात आहोत ते कळत नाही, हात बांधलेले, अनोळखी माणसं रात्री-अपरात्री सुया टोचतात. ज्याचं लक्ष दोन मिनिटं टिकत नाही असा मेंदू एवढ्या तुकड्यांची मिळून काहीतरी गोष्ट जुळवतो, आणि ती कैदेची निघते. आपल्याला पळवून आणलंय, सिस्टर कटात सामील आहेत, हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यात मला आता नवल वाटत नाही. मला 'मारेकरीण' म्हणणाऱ्या गृहस्थांनीच पुढे 'सिस्टर, घरी कधी सोडाल हो' असं अदबीने विचारलेलं आहे. तिकिटांचं म्हणाल, तर मॉनिटरची घंटा जन्मभर डबल बेल दिलेल्या माणसाला गाडीतली वाटत असेल तर त्यात वेडेपण कुठलं?

आता तुमच्या कामाचं. आयसीयूत आप्पांचं सगळं मोजलं जातं. लघवी किती झाली तेसुद्धा तासातासाला लिहितात. पण आप्पा एरवी कसे असतात, हे तिथे एकालाही माहीत नाही. त्यांनी या माणसाला पाहिलं तेच धाप लागलेल्या अवस्थेत. ती माहिती फक्त तुमच्याकडे आहे, आणि ती औषधाइतकीच गरजेची आहे. म्हणून आज रात्री एका कागदावर मोठ्या अक्षरात ती लिहून काढा, सिस्टर इन्चार्जना द्या आणि खाटेपाशी चिकटवता येईल का ते विचारा.

त्यांना 'आप्पा' म्हणतात हे पहिल्या ओळीत लिहा. केसपेपरवर पूर्ण नाव असतं आणि सिस्टर त्याच नावाने हाका मारतात. पन्नास वर्षांत ज्याला कुणी त्या नावाने बोलावलं नाही तो माणूस गुंगीत त्या हाकेला ओ देत नाही. मग ऐकू कसं येतं ते लिहा. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, पण जन्म एसटीच्या खडखडाटात गेलाय, तेव्हा एका कानाने कमी येत असेल तर कुठल्या, ते सांगा. कानाचं मशीन, चष्मा, कवळी या वस्तू ॲडमिट करताना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरच्यांच्या हातात देतात, आणि ती पिशवी नातेवाइकाच्या कपाटात पडून राहते. उद्या सकाळी ती घेऊन जा. चष्मा आणि मशीन लगेच वापरायला द्या, मशीनला नवा सेल घाला. कवळी घालायची की नाही ते विचारूनच ठरवा. ज्याला धड दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याने शुद्धीवर राहायचं तरी कशाच्या आधाराने?

पुढची ओळ लिहायला घरात कुणी धजत नाही. तंबाखू, मिश्री, विडी, दारू. आप्पा काय घेतात, किती घेतात, शेवटचं कधी घेतलं ते खरं खरं सांगा. 'कधीतरी लग्नाकार्यात' असं डॉक्टरांना सांगायची आपल्याकडे रीत आहे, आणि आबरू राखण्यापायी रुग्णाचे हाल होतात. रोजची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत जो भ्रम होतो त्याला वेगळी औषधं लागतात. गुंगीच्या ज्या गोळ्या-इंजेक्शनांनी इतरांचा डेलिरियम वाढायचा धोका असतो, नेमक्या त्याच जातीची औषधं दारू तुटलेल्या माणसाला द्यावी लागतात. म्हणजे तुमच्या एका उत्तरावर उपचाराची दिशा बदलते. तंबाखू तुटल्यानेही माणूस बेचैन होतो. घरी झोपेची गोळी चालू होती का, तेही याच ओळीत लिहा. सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा.

आजारी पडायच्या आधी विसरायला होत होतं का, पैशांच्या हिशेबात घोळ होत होता का, तेही हवं. आणि भाषा. पुण्यामुंबईच्या आयसीयूत बऱ्याच सिस्टर केरळच्या असतात. कामाला वाघ, पण रुग्णाशी हिंदीत बोलतात. डेलिरियम तपासायची एक सोपी चाचणी आहे, २००१ पासून जगभर वापरतात. दहा इंग्रजी अक्षरं एकेक करून म्हणतात आणि 'ए' आला की रुग्णाने हात दाबायचा. मग दगड पाण्यावर तरंगतो का, समुद्रात मासे असतात का, असले हो-नाहीचे प्रश्न असतात. लक्ष टिकतं का, विचार जागेवर आहे का, ते यातून बघतात. पण प्रश्न परक्या भाषेत आला आणि मशीन कानात नसलं, तर शुद्धीतला माणूसही नापास व्हायचा. 'आप्पांना मराठीतून विचारलं तर बरं, मी बोलून दाखवू का?' एवढं तुम्ही म्हणू शकता. चांगल्या सिस्टर हो म्हणतात.

आता तो अर्धा तास. आत गेल्या गेल्या आपले लोक परीक्षा घेतात. 'मला ओळखलंत का? सांगा बरं मी कोण? आज वार कोणता?' मग मामा, मग व्हिडिओ कॉलवर दुबईचा भाचा, पुन्हा तोच प्रश्न. उत्तर आलं नाही की समोरच डोळ्याला पदर. ज्याला काही सुचत नाहीये त्याला प्रत्येक भेटीत नापास करायचं कशाला? विचारू नका, सांगा. त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत उभ्या राहा, मास्क घालायला सांगितला असेल तर नाव आधी सांगा: 'आप्पा, मी तुमची थोरली. तुम्ही पुण्यात हॉस्पिटलात आहात. छातीत न्यूमोनिया झाला होता, आता उतरतोय. आज मंगळवार, सकाळचे अकरा वाजलेत.' वाक्यं लहान ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मध्ये थांबा. पाच मिनिटांनी तेच पुन्हा सांगावं लागेल. वैतागायचं नाही. समोर भिंतीवर घड्याळ आणि तारीख दिसत नसेल तर कॅलेंडरचा एक कागद लावायची परवानगी मागा.

खोडून काढू की होला हो म्हणू, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही नको. 'काका कधीच वारले, काय बोलताय' म्हणालात तर ते चिडतील आणि तुम्हालाही कटात धरतील. 'हो हो, काका बसलेत' म्हणालात तर त्यांच्या डोक्यातला घोळ पक्का होईल. मी अशा वेळी म्हणायची, 'मला कुणी दिसत नाहीये, पण तुम्हाला त्यांची फार आठवण येतेय ना?' म्हणजे जे दिसतंय त्यावर वाद घालायचा नाही आणि जे वाटतंय ते मान्य करायचं. विषाचंही तसंच: 'तुम्हाला भीती वाटतेय, कळतंय मला. ते अँटिबायोटिक आहे, मी सिस्टरना विचारून घेतलंय.' एवढं एकदाच म्हणून विषय दुसरीकडे न्या. सुट्ट्यांवरून 'आप्पा, ड्युटी संपली, गाडी डेपोत लागली' म्हणायचा मोह होईल. मी म्हणणार नाही. पुढच्या क्षणी ते वेबिल कुठंय विचारतील, कॅश जमा करायला खाटेवरून उतरू बघतील. त्यापेक्षा खरंच सांगा: 'रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली आप्पा. पाटणच्या गाडीवर असायचात तेव्हा...' आणि तुम्हाला माहीत असलेला एखादा किस्सा तुम्हीच सुरू करा.

बोलायला विषय घरचे घ्या. कोयना किती टक्के भरली, उसाला तोड आली का, नातवाचा पेपर, गाय व्यायली का. इस्टेट, उधारी, हॉस्पिटलचं बिल, कोण भेटायला आलं नाही, हे आयसीयूच्या दाराबाहेर ठेवा. सांगली आकाशवाणी ऐकायची सवय असेल किंवा एखादं भजन आवडत असेल, तर सिस्टरना विचारून फोनवर हळू आवाजात थोडा वेळ लावा. बोलणं जमत नसेल तर हात हातात घ्या, ओल्या कापडाने तोंड पुसा, केस विंचरा. सिस्टर परवानगी देतील तेवढंच करा, हात धुऊन. फिजिओथेरपिस्टची वेळ विचारून ठेवा. आप्पांना खाटेच्या कडेला बसवताना ओळखीचा आवाज शेजारी असला की भीती कमी होते, आणि लवकर हालचाल सुरू करणं हा डेलिरियमच्या उपचाराचाच भाग आहे. निघताना न सांगता सटकू नका. 'मी संध्याकाळी पाचला येते' म्हणा, आणि पाचला या.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. तोंडात काही घालायचं नाही. तीर्थ नाही, तुळशीचं पाणी नाही, 'घोटभर चहाने काय होतंय' नाही. घशातली नळी नुकतीच निघालेल्या माणसाचं गिळणं कच्चं असतं, आणि पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरलं की न्यूमोनिया पुन्हा पहिल्यापासून. आत्यांचं तीर्थ घरी देवापाशी ठेवा आणि अंगारा तुमच्या स्वतःच्या कपाळाला लावा. आप्पांच्या अंगाला राख नको, गळ्याजवळ सुईची लाइन असेल तर मुळीच नको. आत्यांवर रागावूही नका. मेलेली माणसं दिसू लागली की दिवस भरले, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. पण डेलिरियममध्ये वारलेले नातेवाईक दिसणं फार नेहमीचं आहे आणि काकांशी गप्पा मारणारे कितीतरी लोक पायांनी चालत घरी गेलेले मी पाहिलेत. खोटी ग्वाहीही मी देणार नाही. डेलिरियम हे आजार गंभीर असल्याचं लक्षण आहे, तो जितके दिवस लांबतो तितकं वाईट. म्हणून डॉक्टरांना 'कशामुळे झालाय आणि त्यातलं काय काय दुरुस्त करताय?' असं नक्की विचारा. मधे चार दिवस बरे असलेले आप्पा पुन्हा एकदम बरळू लागले तर लगेच कळवा. नवा जंतुसंसर्ग कधी कधी तापाआधी असाच दिसतो.

हात बांधलेले बघून पोटात कालवतं, मला ठाऊक आहे. सिस्टर ते हौसेने करत नाहीत. नळी उपसली की रक्त येतं, नळी पुन्हा घालावी लागते आणि त्या एका सिस्टरकडे दुसरीही खाट असते. पण बांधल्याने माणूस आणखी बिथरतो हेही खरं. तेव्हा भांडण न करता असं विचारा: 'मी शेजारी बसलेय तेवढा वेळ एक हात सोडता येईल का? मी धरून ठेवते.' आणि 'ही नाकातली नळी, लघवीची नळी अजून लागणार आहे का?' ज्या नळीची गरज संपली ती काढली की ओढायला उरतेच काय! पण स्वतःच्या हाताने गाठ सोडायची नाही, सिस्टरना न सांगता तर नाहीच.

भावाला सांगा की झोपेच्या इंजेक्शनाने डेलिरियम बरा होत नाही, झाकला जातो. अशा वेळी हॅलोपेरिडॉल नावाचं औषध पूर्वी सर्रास द्यायचे. अमेरिकेत १६ ठिकाणी रुग्णांवर त्याची खोट्या औषधाशी, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेल्याशी, तुलना केली, २०१८ साली निकाल आला. डेलिरियमचे दिवस त्याने कमी झाले नाहीत. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल इतका खवळला तर डॉक्टर थोडं औषध देतात, ते योग्यच आहे. पण नातेवाइकांनी ते मागून घ्यायची गोष्ट नव्हे. झोप हवी आहे ती रात्रीची, नैसर्गिक. तुम्ही एवढंच विचारा की रात्री दिवा मंद करता येईल का, आणि स्पंजिंग, म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणं, पहाटे चारऐवजी सकाळी होईल का.

भाऊ म्हणतो त्यात थोडं तथ्य आहे बरं. काही रुग्ण भेटीनंतर बेचैन होतात, विशेषतः भेटायला आलेला माणूस रडत असेल, घाईत असेल किंवा भांडून आत आला असेल तर. त्यावर उपाय भेटी बंद करणं हा नाही. सिस्टरना विचारा, आम्ही गेल्यावर आप्पा कसे असतात? जास्त खवळत असतील तर दहा मिनिटंच बसा, फार न बोलता. तुमच्या दोघांपैकी ज्याच्यासमोर ते निवतात त्याने संध्याकाळची वेळ घ्यावी, कारण तीच वाईट वेळ आहे.

जास्त वेळ मागायचा का? मागा, पण हक्काची भाषा पहिल्या दिवशी नको. आपल्याकडे आयसीयूला भेटीची कुलपं का लागली त्यालाही कारणं आहेत. एका रुग्णामागे वीस माणसं, खाटांमध्ये हातभर जागा, आणि डॉक्टर-सिस्टरांवर हात उचलणारे नातेवाईक. 'नातेवाईक आले की जंतू येतात' असंही तुम्हाला सांगतील. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत हे करून पाहिलं, २०१९ साली निकाल छापला. एका गटात दिवसाला बारा तासांपर्यंत घरच्यांना बसू दिलं, दुसऱ्यात नेहमीसारखं दीडेक तास. जंतुसंसर्ग वाढला नाही, स्टाफचा थकवा वाढला नाही, घरच्यांची चिंता आणि खिन्नता कमी झाली. पण डेलिरियमच्या प्रमाणात म्हणावा असा फरक पडला नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. उलट कोविडच्या काळात १४ देशांतल्या दोन हजारांवर रुग्णांची पाहणी झाली, त्यात ज्यांना घरचे प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर भेटले त्यांच्यात डेलिरियम कमी दिसला. म्हणजे घरच्यांच्या जवळ असण्याने फायदा होतो असं मानायला जागा आहे, पण 'मी तासभर जास्त बसले असते तर आप्पा बरे झाले असते' असं मनात आणायला काहीही आधार नाही. तुम्ही उपचाराचा एक भाग आहात, सगळा उपचार तुमच्यावर नाही. इन्चार्जना किंवा आयसीयूच्या डॉक्टरांना शांत वेळी गाठा, सकाळ-संध्याकाळ ड्युटी बदलायच्या वेळेला नको. म्हणा, 'संध्याकाळी ते बिथरतात तेव्हा एकजण शेजारी बसला तर तुम्हालाही मदत होईल. आम्ही एकच माणूस येऊ, तुम्ही सांगाल तेव्हा बाहेर जाऊ.' 'नाही' म्हणाले तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तोवर तुमच्या आवाजात दोन मिनिटांचं बोलणं फोनवर भरून द्या, रात्री आप्पा घाबरले की लावायला. आणि वॉर्डातल्या मावशी-मामांशी गोड राहा. रात्री तीन वाजता आप्पांना 'झोपा आप्पा' म्हणणारं माणूस बहुधा तेच असतं.

तुम्ही कुठे झोपताय? बाहेर चटईवर असाल तर एकाआड एक रात्र भाऊ आणि तुम्ही वाटून घ्या. न झोपलेलं माणूस आत जाऊन धीर देऊ शकत नाही.

रोज चार ओळी वहीत लिहीत चला: आज नळी काढली, आज खुर्चीत बसलात, आज तुम्ही सिस्टरना पाटणचं तिकीट दिलंत. स्कँडिनेव्हियातल्या आयसीयूंत सिस्टर आणि घरचे मिळून रुग्णासाठी अशी वही लिहितात. तिने पुढची भीती कमी होते का, याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. मला ती तरीही आवडते, कारण बऱ्या झालेल्या माणसाला मधले दिवस कोरे वाटतात किंवा नुसती विषाची गोष्ट आठवते, आणि खरं काय झालं ते सांगणारं काहीतरी हाताशी लागतं. मात्र ती वही आप्पांनी मागितली तरच दाखवा, आणि तिकिटांची नक्कल पाहुण्यांसमोर करून हसू नका.

घरी आल्यावर काही आठवडे, काही महिनेसुद्धा, लक्ष लागणं, नावं आठवणं, हिशेब जमणं कच्चं राहू शकतं. त्या २०१३ च्या अभ्यासात तीन महिन्यांनीही बऱ्याच जणांची बुद्धी पूर्वीच्या ताकदीला आलेली नव्हती, आणि डेलिरियम जितका लांबला तितका हा त्रास जास्त होता. तोवर बँकेचे किंवा जमिनीचे कागद सहीला पुढे करू नका, कुणी नातेवाईक घाई करत असला तरी. तीन महिन्यांनी सुधारणा दिसली नाही तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. रात्री दचकून उठत असतील, हॉस्पिटलचं नाव काढलं की घाबरत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला लाजू नका.

डिस्चार्जच्या कागदावर 'आयसीयूत डेलिरियम झाला होता' ही ओळ आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर लिहून मागा. एकदा झालेल्याला तो पुन्हा व्हायची शक्यता जास्त असते, तेव्हा पुढे खुब्याचं म्हणा, प्रोस्टेटचं म्हणा, कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो कागद आधी दाखवा, आणि चष्म्याची पिशवी त्या वेळी सोबतच ठेवा.